बापूंच्या गळ्यात बद्द झालेली तार

बापू, तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बीडच्या शाळेत वर्गावर होतो. तसाच निघालो. चौसाळ्याच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालतो आहे. नेहमीचाच वाद. माणूस गेल्याची बातमी कानात ताजी असताना त्याच्याशी भांडावं, हे काही बरं नाही. पण त्या वादाशिवाय आपलं बोलणं सुरू तरी कधी झालं? मी सुट्टीला आलो की तुम्ही ओट्यावर घोंगडी टाकायचात, तुमच्या सूनबाई, सुंदरवैनी, ताकाचा तांब्या ठेवून आत जायच्या, आणि त्या आत गेल्या की तुम्ही विचारायचात, "मंग गोविंदा, काय म्हनतंय तुझं शास्तर? वीनेची तार कशानं वाजली?"

"घाण बसली होती, बापू. काढली. वाजली."

"आन् तू हात लावायच्या आदी वाजली, ती?"

इथं मी ताकाचा तांब्या तोंडाला लावायचो आणि तुम्ही हसायचात. आता तुम्ही नाही, तर मला निदान एकदा सगळं ओळीनं सांगू द्या, मध्ये न बोलता.

पण त्याआधी दुसरं एक. मला शाळेत घालायचं कोणाच्याच मनात नव्हतं. आमच्या घरात त्याआधी कोणी अक्षर गिरवलेलं नव्हतं. वडील म्हणायचे, शेरडं कोण राखील? तुम्ही तेव्हा आमच्या दारात बसून राहिलात. भांडला नाहीत, समजावलं नाहीत, नुसते बसलात. जेवायला बोलावलं तर म्हणालात, "पोराला बीडला धाडतो म्हन, मंग जेवतो." संध्याकाळी वडील कंटाळून हो म्हणाले. बीडपर्यंत तुम्हीच माझ्याबरोबर चालत आलात. मदरशाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेच्या, फाटकापाशी मी रडायला लागलो तर म्हणालात, "कावून रडतोस बे? माज्या रंग्याला म्या म्हनलं तर त्यो पळून गेला. तू तरी आत जा." मी आत गेलो. पुढं उर्दू शिकलो, हैदराबादेत कॉलेजात गेलो, बी.ए. झालो. हे सगळं त्या एका दिवसाच्या उपाशीपणातून झालं, हे मी तुम्हाला तोंडानं कधी सांगितलं नाही. सांगायला गेलो की तुम्ही तारेचा विषय काढायचात.

तर ती तार. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण हे दुसरंही कोणी वाचेल म्हणून सांगतो. आपल्या मारुतीच्या देवळात चैत्रात सप्ताह बसायचा. सात दिवस अखंड नाम. पहाऱ्याला उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात वीणा असायची आणि त्या सात दिवसांत ती भुईला टेकू द्यायची नाही, हा नेम. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. सुतक असलेल्या माणसानं तिला शिवायचं नाही, हा दुसरा नेम. आणि या दोन नेमांतून गावानं तिसरी एक गोष्ट धरून ठेवली होती, की सुतक वीणेला आधी कळतं. माणूस लांब कुठं मेला, निरोप अजून वाटेत आहे, तरी त्याच्या बापाच्या किंवा भावाच्या गळ्यात वीणा बद्द होते. खोटा रुपया दगडावर टाकल्यावर वाजतो तशी. कोणाच्या तरी आज्याच्या वेळी असं झालं होतं म्हणे. पाहिलेला कोणी नव्हता, पण सांगणारे पुष्कळ होते.

त्या वर्षी मी कॉलेजातून नुकताच गावी आलो होतो. तुमचा रंगनाथ जालन्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, सुंदरवैनी तुमच्याकडेच होत्या. मग जालन्यात गाठीची साथ, प्लेग, आल्याचं कळलं. लोक घरंदारं सोडून पळाले. रंगनाथ कुठल्या बाजूला गेला, कोणाबरोबर गेला, हे सांगणारं कोणी भेटेना.  सप्ताह बसला तशी दुपारची पाळी तुम्ही नेहमीप्रमाणं आपल्याकडं घेतलीत.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीणा तुमच्या गळ्यात आली आणि थोड्या वेळानं तिची पितळी तार बसली. बाकीच्या तीन तारा लखलखीत बोलत होत्या आणि चौथीवर बोट पडलं की ओल्या मातीवर काठी मारल्यासारखा आवाज. तुमच्यामागून पुढच्या पाळीच्या धोंडिबानं वीणा घेतली आणि तार बोलायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा तुमच्या गळ्यात मुकी, पुन्हा धोंडिबाच्या गळ्यात बोलकी.

ती दुपार मला अजून दिसते. बाहेर पांढरं ऊन. देवळात माणसं भरलेली, पण तुमच्याभोवती वीतभर, मग हातभर जागा रिकामी होत गेली. कोणी कोणाला सरक म्हणालं नाही. बायका पाया पडायच्या, वीणेला आणि तुमच्या कपाळाला बुक्का लावायच्या आणि पाठ न दाखवता मागं सरायच्या. तुमच्याकडं कोणी बघत नव्हतं. सगळे खांबापाशी उभ्या असलेल्या सुंदरवैनींच्या कपाळाकडं बघत होते. त्यांना ते कळत होतं. त्यांनी पदर पुढं ओढून घेतला नाही, एवढंच. तार बद्द वाजायची आणि प्रत्येक वेळी एखादी बाई तोंडात पदर धरायची.

पाटील पुढं आले. त्यांचा सूर वाईट नव्हता. "बापू, वीणा द्या धोंडिबाकडं. तुमाला विटाळ आला असंल. देवाला कावून बाटवता?"

तुम्ही म्हणालात, "निरोप आलाय का?"

"निरोप न्हाई. पर तार..."

"तार म्या बी ऐकतोय, पाटील. कान हायेत मला. वीणा उतरवली तर रंग्या मेला आसं माज्याच तोंडानं म्हनल्यावानी हाय. म्या न्हाई म्हननार. तुमाला म्हनायचं तर म्हना, माज्या सुनंच्या तोंडाकडं बघून म्हना."

कोणी म्हणालं नाही. पण कोणी जागचं हललंही नाही. नामही चाललं होतं, शंकरबुवा आपले डोळे मिटून म्हणत होते आणि आवाज घशातच राहत होता. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "बापू, मी बघू का तार?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, हैदराबादेस्नं शिकून आलाय. आता वीनेची नाडी बघतो!" हशा झाला, पण भुताच्या जागेवरून जाताना माणसं मोठ्यानं हसतात तसा.

हैदराबादेत मी राहत होतो त्या गल्लीत सतारी दुरुस्त करणारे एक चाचा होते. कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या तारा बसल्या तर भोपळा बघ, एकच बसली तर त्या तारेचा हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल. कुठंतरी तिला कोणी धरून ठेवलेलं असतं. मी विहिरीवर आंघोळ करून ओल्या पंच्यानं आलो. वीणा खाली ठेवता येत नव्हती. तेव्हा वीणा तुमच्या गळ्यात, तुम्ही उभे, आणि मी तुमच्यापुढं कधी उभा, कधी गुडघ्यावर. टाळ मीच थांबवायला लावले, ऐकू यावं म्हणून. नाम तेवढं हळू चालू राहिलं.

आधी खुंटी. उन्हाळ्यात लाकूड वाळून खुंटी सैल होते आणि तार उतरते. पण सूर उतरत नव्हता. सूर होता तिथंच होता, नुसता मेलेला. मग तारेवरून बोट फिरवलं. जुनी, काळवंडलेली. वाटलं हीच. देवळाच्या पेटीत नव्या तारेचं वेटोळं होतं. तुम्ही मान वाकवून धरलीत आणि मी जुनी काढून नवी पिवळीधमक तार चढवली, सुराला आणली.  मी बोट मारलं.

बद्द.

बापू, तेव्हा मागून जो आवाज आला तो बोलण्याचा नव्हता. माणसं एकदम मागं सरल्याचा होता. नवी तारसुद्धा तुमच्या गळ्यात मुकी.  मी शास्त्र शिकलो होतो, पण त्या क्षणी मी मनात रंगनाथला मेलेला धरला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "चाल की पुढं. थांबलास कावून?"

मी भोपळ्याला कान लावला. का लावला, सांगता येत नाही. तारेचा आवाज आत कुठं अडकतो ते ऐकावं म्हणून असेल. आत तारेचा आवाज नव्हताच. तुमच्या छातीचे ठोके होते. त्या पोकळीत ते इतके मोठे येत होते, की कोणीतरी आतून दार ठोठावतं आहे असं वाटलं. मी झटकन कान काढला.

आणि मान वळवली तेव्हा घोडी दिसली. घोडी म्हणजे भोपळ्याच्या अंगावरची ती हाडाची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. दारातून ऊन तिरपं येत होतं. तीन तारांखाली हाड पांढरं होतं. चौथीखाली काळी चकाकी. बुक्का. बायकाबाप्ये पाया पडताना वीणेच्या ज्या कडेला बोट टेकवायचे तिथंच ही तार होती. बुक्क्यात समईच्या तेलाची बोटं आणि तुमचा घाम मिसळून खाचेत काळं मेण झालं होतं आणि तार त्यात रुतून बसली होती. दुपारी दर्शनाची गर्दी, आणि गावात तुमच्याइतका मान दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून बुक्का तुमच्याच पाळीत पडायचा. धोंडिबाला सवय होती, वीणा घेतली की तार अंगठ्यानं उचलून खालून उपरण्याचं टोक फिरवायचं. तेवढ्यानं वरचा ओला थर निघायचा आणि तार बोलायची. दुसऱ्या दुपारी पुन्हा भरायची. आणि तार मुकी झाली म्हणून घाबरून लोक काय करत होते? आणखी बुक्का लावत होते.

मी तार सैल केली, बाभळीच्या काट्यानं ती खाच कोरून काढली, काचेच्या तुकड्यानं हाड हलकेच घासलं, सूर खुलावा म्हणून तारेखाली नवा दोरा सरकवला आणि तार पुन्हा सुराला चढवली. घाम पुसायला हात मागं घेतला.

आणि ती वाजली. मी बोट लावलं नव्हतं. तुमचा हात खाली होता. ती बारीक, लांब, खालच्या सुरात वाजत राहिली, कोणीतरी शेजारच्या खोलीतून हाक मारल्यासारखी. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग मी बोट मारलं आणि देऊळ भरून गेलं. खांबापाशी सुंदरवैनी खाली बसल्या. पाटलांनी तुमच्या पायाला हात लावला. तुम्ही फक्त म्हणालात, "बोलला."

"कोण?" मी विचारलं. तुम्ही पुन्हा नाम धरलंत. सप्ताह संपेपर्यंत दुपारची पाळी तुमचीच राहिली.

माझं म्हणणं एवढंच होतं, बापू, की तार मुकी झाली ती बुक्क्यानं. रंगनाथशी तिचा संबंध नव्हता. तुम्ही ते ऐकलंत आणि उलटं घेतलंत. सुतक असतं तर साफ करूनही वाजली नसती, वाजली त्याअर्थी पोरगा जिवंत आहे. मी तुम्हाला भीतीतून सोडवायला गेलो आणि तुम्ही त्यातून पुरावा काढलात. रंगनाथ आला नाही. निरोपही आला नाही. तुम्ही मात्र जालन्याकडून कोणी आलं की विचारायला जायचात. भाऊबंद म्हणायचे, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाका. तुम्ही म्हणायचात, "गोविंदानं तार लावली, ती वाजली. समद्या गावानं ऐकली." माझं नाव घेऊन. त्याचा मला राग यायचा.

मी तुम्हाला समजावत राहिलो. एका सुराजवळ तोच सूर उमटला तर तार आपोआप थरथरते, हे पुस्तकात आहे. तुम्ही म्हणालात, टाळ तर तूच थांबवले होतेस. मी म्हणालो, शंकरबुवा नाम म्हणत होते, त्यांचा आवाज त्या सुराला लागला असेल.

"शंकऱ्या?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. "शंकऱ्या जल्मात कवा सुरात लागला का बे?"

 

आता दहाव्याचं सांगतो. ते तुम्हाला कळायलाच हवं.

सकाळीच सगळे नदीवर गेले. पात्र कोरडं, वाळूत खड्डा करून काढलेलं पाणी. तुमचा पुतण्या किसन क्रियेला बसला होता. मी पोचलो तेव्हा क्रिया सांगणाऱ्या जोशीकाकांच्या शेजारी वाळूवर दर्भाचा पुतळा पडलेला होता. हातभर लांब, मान, कमर, मनगटं गाठी मारून बांधलेली. वाऱ्यानं त्याचा एक हात उचलायचा आणि पडायचा. कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

पाटील म्हणाले, "रंगनाथाला जाऊन तप उलटून गेलं. बापू होते तवर आमी गप बसलो. आता बापलेकाचं संगंच उरकून टाकू."

किसन म्हणाला, "वैनीला तळवाड्याला भावाकडं पोचवायचं बी मी बघतो." म्हणजे सगळं ठरलेलं होतं. दुपारपर्यंत कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि तुमच्या घराला किसनचं कुलूप.

सुंदरवैनी बायकांच्या पुढं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तार वाजली हुती."

"अगं, ती तार," किसन म्हणाला, "ती गोविंदा मास्तरनं साफ केलती म्हनून वाजली. मास्तर सोताच सांगत्यात गावभर. हाय का न्हाई, मास्तर? तुमी शिकलेले. तुमीच सांगा, त्या तारंचा आन् रंगूदादाचा काय संबंध?"

सगळे माझ्याकडं वळले. बापू, इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला देत होतो, तोच प्रश्न. उत्तर तयार होतं, पाठ होतं. वैनी म्हणाल्या, "भाऊजी, खरं असंल ते सांगा. माज्यासाटी खोटं नगा बोलू."

मी म्हणालो, "मी नवी तार चढवली, ती बद्द होती. घोडी साफ केली, दोरा घातला. हे खरं आहे. पण त्यानंतर मी हात लावायच्या आधी ती वाजली. टाळ बंद होते. शंकरबुवा कधी सुरात लागत नाहीत. सुतक असतं तर वाजली असती का? तुम्हीच सांगा."

 शंकरबुवा तिथंच होते. म्हातारे झालेत. ते म्हणाले, "ह्ये मातूर खरं हाय," आणि कोणीतरी हसलं. पाटलांनी पागोटं काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातलं. "मास्तरच म्हनतोय तर मंग... ऱ्हाऊ द्या. बापूचं तेवडं करा."

मग अडचण आली. बांधून झालेल्या पुतळ्याचं करायचं काय? मेलेल्याचा असता तर अग्नी दिला असता. माणूस जिवंत धरायचा तर त्याचा पुतळा मोडायचा कसा, हे जोशीकाकांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, पोथीत नाही. शेवटी सुंदरवैनी पुढं आल्या, वाळूत बसल्या, पुतळा मांडीवर घेतला आणि एकेक गाठ सोडवायला लागल्या. आधी मनगटं, मग कमर. गळ्याची गाठ घट्ट होती, ती त्यांनी दातांनी सोडवली. दर्भ मोकळा झाला तसा वारा तो घेऊन गेला. त्या उठल्या, माझ्याजवळून जाताना थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमाला बी वाट बघावी लागंल."

मी खोटं बोललो असं मला वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही. तुमच्यापुढं मी हरलो असंही वाटलं नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्या घरात राहत होतात त्याचं दार कोणीतरी उघडं धरलं आणि मी आत आलो, एवढंच झालं.

काल बीडच्या वेशीत जालन्याकडच्या कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. शाळेला उशीर होत होता. तरी मी उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहून घेतलं. एका गाडीवानानं विचारलं, "कोनाला हुडकता, मास्तर?"

मी रंगनाथ म्हणणार होतो. तोंडातून आलं, "रंग्याला."